‘हलू नका’ म्हणणं सोडा

फोटो काढायचा म्हटलं की आपल्या तोंडून पहिला हुकूम सुटतो तो ‘हलू नका’. विहिरीत सूर मारायच्या बेतात असलेली पोरं काठावर ओळीनं उभी केली जातात. कोयत्यानं नारळ सोलणारे आजोबा कोयता बाजूला ठेवतात, टोपी सारखी करतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. मग सगळ्या फोटोंत सारखीच माणसं येतात: हात खाली, मान ताठ, ओठांवर बेताचं हसू. कुठल्याही घरातला अल्बम उघडून बघा. लग्न, मुंज, बारसं, महाबळेश्वरची सहल, सगळीकडे माणसं उभी आहेत. काकू बोलताना हातवारे कसे करायची, आजोबा काठी टेकत कसे चालायचे, धाकटी दोरीवरच्या उड्या कशी मारायची, यातलं काहीही त्या अल्बमात सापडत नाही. आणि माणूस गेल्यावर आपल्याला आठवतं ते नेमकं हेच.

म्हणून ही विनंती. आपल्या माणसांचे काम करतानाचे, खेळतानाचे, नाचतानाचे, चालतानाचे फोटो काढायला लागा. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. खिशातला फोन पुरतो. कपाटात पडलेला जुना डिजिटल कॅमेरा चालू होत असेल तर तोही पुरतो. लागते ती थोडी समज आणि थोडा सराव.

‘हलू नका’ची सवय एके काळी योग्यच होती, हेही सांगायला हवं. १८३८ साली लुई दागेरनं पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा भिंग काही मिनिटं उघडं ठेवावं लागलं. रस्त्यावरची घोडागाड्यांची आणि माणसांची ये-जा त्या फोटोत उमटलीच नाही. दिसतो तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तेवढाच एका जागी उभा राहिला होता. पुढे आपल्याकडे घरोघरी आग्फा क्लिक थ्रीसारखे डबा कॅमेरे आले. त्यात शटरचा वेग ठरलेला, आणि तोही कमी. एका रोलमध्ये १२ फोटो. रोल महाग, धुलाई महाग, आणि कोणी हललं की पैसे वाया. वडीलधारी माणसं ओरडायची ती उगीच नव्हे. आज तुमच्या फोनचं शटर त्याहून शेकडो पटींनी जलद चालू शकतं आणि फसलेल्या फोटोला एक पैसाही पडत नाही. कारण संपलं, सवय राहिली.

आता मूळ मुद्दा. शटर जितका वेळ उघडं असतं, तितक्या वेळात जे सरकतं ते फोटोत पसरतं. बाकीचं सगळं तंत्र या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ती आकड्यांत बघू.

आषाढी वारीतलं गोल रिंगण घ्या. वारकऱ्यांच्या कड्यातून दोन अश्व दौडतात. एकावर ध्वज घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. घोड्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तर तो सेकंदाला १० मीटर पुढे जातो. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात घोडा एक सेंटिमीटर सरकतो. अडीचशेवा भाग राहिलं तर चार सेंटिमीटर. साठावा भाग राहिलं तर जवळपास सतरा. एक सेंटिमीटरचं सरकणं पूर्ण घोडा मावलेल्या फोटोत डोळ्यांना कळत नाही. चार सेंटिमीटरला आयाळ आणि खुरांच्या कडा मऊ होतात, पण चालून जातं. सतराला घोडा ओळखू येतो, त्याचे पाय मात्र पुसले जातात. यात एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीला टेकलेलं खूर त्या क्षणी थांबलेलं असतं आणि उचललेलं खूर घोड्याच्या अंगापेक्षाही जोरात पुढे जात असतं. म्हणून एकाच फोटोत एक पाय स्वच्छ आणि दुसरा धूसर असं होतं. तो दोष समजू नका. धावणं डोळ्यांना कळतं ते अशा फोटोतच.

शटरचा वेग फोन प्रकाश पाहून ठरवतो. बहुतेक फोनच्या भिंगाचं तोंड लहान-मोठं होत नाही, त्यामुळे त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: शटर किती वेळ उघडायचं आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाला किती वाढवून घ्यायचं. भर उन्हात तो आपणहून हजारावा भाग किंवा त्याहून जलद वेग धरतो. आषाढात आभाळ भरून आलेलं असलं तरी दुपारी उघड्या माळावर पुरेसा उजेड असतो. घरात ट्यूबलाइटखाली तोच फोन तिसाव्या-पन्नासाव्या भागावर येतो. तेव्हा हलणारी गोष्ट जागच्या जागी गोठवायची असेल तर ती उजेडात गाठा. अंगणात, गच्चीवर, मैदानावर. पोरं घरात दंगा करत असतील तर त्यांना खिडकीजवळ खेळायला लावा आणि खिडकी तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला ठेवा.

अनेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा भाग असतो. त्यात एस किंवा शटर लिहिलेली पट्टी सरकवून वेग स्वतः ठरवता येतो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात ती सोय नाही, वेगळं अॅप घ्यावं लागतं. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चकतीवर धावणाऱ्या माणसाचं छोटं चित्र असतं, ते लावलं की कॅमेरा जमेल तितका जलद वेग धरतो. रात्रीच्या फोटोसाठी फोनमध्ये जो नाइट मोड असतो तो हलत्या माणसांसाठी बंद करा. तो एका फोटोसाठी सेकंदभर किंवा जास्त वेळ अनेक फोटो घेऊन ते जोडत बसतो आणि नाचणाऱ्या पोरीला तीन हात येतात.

उजेडानंतर दिशा. कॅमेऱ्यासमोरून आडवी जाणारी गोष्ट सगळ्यात जास्त पसरते. सरळ तुमच्याकडे येणारी सगळ्यात कमी, कारण ती फोटोत जागा बदलत नाही, फक्त थोडी मोठी होते. शाळेच्या मैदानावरचा खो-खो याला उत्तम. बाजूला उभं राहून पाठलाग टिपायला गेलात तर साध्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा अंधूक रेघाच मिळतात. त्याऐवजी खांबाच्या मागे, मैदानाच्या हद्दीबाहेर बसा. आठ बसलेल्या खेळाडूंची रांग तुमच्यासमोर लांब जाते आणि पळणारा, त्याच्या मागचा, दोघेही तुमच्याच दिशेनं येतात. खांबाला हात घालून वळताना खेळाडूचा वेग क्षणभर कमी होतो, अंग एका बाजूला झुकतं, मोकळा हात हवेत असतो. तो क्षण तुम्हाला आधीच माहीत आहे, कारण तो दर वेळी त्याच जागी येणार आहे. खांबावर बोट दाबून फोकस पक्का करून ठेवा आणि वाट बघा.

असे क्षण हेरणं हेच या कामातलं खरं कसब आहे, असं मला वाटतं. प्रत्येक हालचालीत एक जागा अशी असते जिथे ती जवळपास थांबते. झोका वर गेला की परत फिरण्याआधी थांबतो. उडी मारणारं पोरगं सगळ्यात वर पोचलं की थांबतं. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. अर्धा मीटर उंच उडी मारणारं मूल साधारण ०.६४ सेकंद हवेत असतं. त्यातला ०.२ सेकंद, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, ते सगळ्यात वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच असतं. त्या वेळी बटण दाबलंत तर संध्याकाळच्या मंद उजेडातही चेहरा स्वच्छ येतो. लेझमीत हात पूर्ण ताणले जातात तो ठेका, फुगडीत दोघी मागे झुकून तोल सावरतात तो क्षण, क्रिकेटमध्ये बॅट मागे नेऊन फलंदाज थबकतो तो क्षण, सगळीकडे हेच. कॅमेरा काढण्याआधी पाचेक मिनिटं नुसतं बघा. पायांनी ठेका धरा. हालचाल परत परत येते, तिची पुढची पाळी कधी हे शरीराला कळायला लागतं.

शरीराला कळणं यासाठी गरजेचं, की साधा कॅमेरा बटण दाबल्यावर थोडा उशीर करतो. तो आधी फोकस शोधतो, मग फोटो घेतो. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबून धरा, फोकस झाला की तसंच थांबा, आणि क्षण आला की उरलेलं दाबा. फोनमध्ये पडद्यावर त्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. तरीही क्षण दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालाच. दिसण्याच्या किंचित आधी दाबायचं.

किंवा एकापाठोपाठ एक फोटो घ्या. बटण दाबून ठेवलं किंवा बाजूला ओढलं की बरेच फोन सेकंदाला दहाच्या आसपास फोटो घेतात. घोड्याबद्दल इथे आणखी एक सांगतो. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, याचं उत्तर एडवर्ड मायब्रिजनं १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे फोटोनं दिलं. त्यानं धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडले आणि आडव्या दोऱ्या बांधल्या. घोड्याच्या पायानं दोरी ओढली गेली की त्या त्या कॅमेऱ्याचं शटर उघडायचं. चारही पाय हवेत असतात हे दिसलं. पण चित्रकार तोवर रंगवत आले होते तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. जे दाखवायला तेव्हा १२ कॅमेरे लागले ते तुमचा फोन एकटा दाखवू शकतो. दौडत्या घोड्याच्या एका झेपेत तुम्हाला चार-पाच फोटो मिळतात. त्यात पाय गोळा झालेला फोटो शोधा.

आतापर्यंत गोठवण्याचं झालं. मला स्वतःला जास्त आवडतो तो याच्या उलटा मार्ग. गोठवलेल्या फोटोत सायकल चालतेय की स्टँडवर उभी आहे हे कधी कधी कळतच नाही. धावण्याची जाणीव हवी असेल तर काहीतरी पुसलं जायला हवं. सायकल स्वच्छ आणि मागचा रस्ता आडव्या रेघांचा, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याला पॅनिंग म्हणतात आणि ते साध्या फोनवर होतं.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, रस्त्यापासून दहा-पंधरा फुटांवर उभे राहा. घरातल्याच कुणाला तरी सायकलवर फेऱ्या मारायला सांगा. वेग तिसावा भाग ठेवा. प्रो मोड नसेल तर त्या उजेडात फोन बहुधा स्वतःच तिथे जवळपास येतो. पाय त्या दिशेला रोवा जिथे सायकल तुमच्या बरोबर समोर येणार आहे. मग कमरेतून वळून ती जिथून येतेय तिकडे बघा. कोपरं बरगड्यांना चिकटवा. सायकल लांब असतानाच तिला पडद्यावर पकडा आणि तिच्याबरोबर वळत राहा. समोर आली की बटण दाबा, आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेकांचा फोटो बिघडतो तो इथेच. बटण दाबताना हात आपोआप थबकतो. मागे सपाट भिंत असेल तर रेघा उठत नाहीत. झाडं, दुकानाच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे असं काहीतरी रंगीबेरंगी असू द्या. भर दुपारी हे जमणार नाही, कारण उजेडामुळे फोन वेग खाली येऊच देत नाही. सावलीतही उजेड थोडा जास्त वाटला तर गॉगलची एक काच भिंगापुढे धरून बघा.

पुष्कळ फोटो फसतील. फसू द्या. जाक लार्तिग नावाच्या फ्रेंच तरुणानं १९१२-१३च्या सुमारास शर्यतीतली मोटार अशीच वळत वळत टिपली. त्याचं वळणं मोटारीच्या वेगाला पुरलं नाही. त्यात त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे सरकती फट, ती फोटोचा एकेक पट्टा वेगवेगळ्या क्षणी टिपणारी. त्यामुळे मोटारीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं, कडेचे प्रेक्षक उलट बाजूला कलले आणि मोटार फोटोच्या चौकटीतून अर्धी बाहेर गेली. तो फोटो आज वेगाचं चित्र म्हणून जगभर ओळखला जातो. तुमच्या फोनचा सेन्सरही चित्र एकेक ओळ करून वाचतो. लोकलच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत विजेचे खांब तिरपे येतात आणि फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात ती त्यामुळेच.

वेग आणखी कमी केला, पंधरावा भाग किंवा त्याहून हळू, तर हालचाल रेषेसारखी वाहायला लागते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकापुढे ध्वज नाचवणारी मुलं-मुली असतात. पाय रोवलेले, नजर समोर, आणि हातातला भगवा ध्वज डोक्याभोवती फिरतोय. फोन एखाद्या कठड्यावर किंवा खांबाला घट्ट टेकवा आणि अशा वेगानं टिपा. चेहरा ओळखू येतो, ध्वज मात्र केशरी वावटळीसारखा पसरतो. एक गोष्ट पाळा: फोटोत एक तरी वस्तू ठाम हवी. चेहरा, पाऊल, दगड, काहीही. सगळंच पुसलं गेलं तर बघणाऱ्याला वाटतं तुमचा हात हलला.

याची सगळ्यात चांगली शाळा घरातच आहे, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. भाकरी करणाऱ्या बाईच्या हातांकडे नीट बघा. उजवा हात थापतो, डावा कडेला बोटं लावून भाकरी सावरतो, आणि प्रत्येक थापेला भाकरी परातीत थोडी फिरते. थापेच्या क्षणी पंजा टेकलेला असतो, म्हणजे थांबलेला. उचलताना तो पुसट होतो. मग दोन्ही तळव्यांवर भाकरी उचलली जाते आणि तव्यावर पडते. पिठाची बाजू वर. लगेच ओला हात तिच्यावरून फिरतो आणि वाफ उठते. उचलण्यापासूनचं हे सगळं चारेक सेकंदांत होतं, आणि दर भाकरीला परत होतं. सराव करायला याहून चांगलं काय मिळणार?

खिडकी बाजूला राहील असे बसा, ओट्यासमोर उभे राहून तिचा उजेड अडवू नका. फ्लॅश बंद. फोन एखाद्या डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे तुमचा हात हलणार नाही. तिसाव्या भागाला परात, खांदा, चेहरा स्वच्छ येतो आणि हात धूसर. मागची भिंत किंवा कोपरा काळोखा असेल तर उडालेलं पीठ खिडकीच्या उजेडात उजळून दिसतं. बाईला बोलतं ठेवा. ती कॅमेऱ्याकडे बघायचं विसरली की खरे फोटो सुरू होतात. ‘इकडे बघ’ म्हणायचा मोह टाळा. चेहरा भाकरीकडेच असू दे.

ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात फोटोवर कधी कधी काळपट आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. वेग पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे सहसा जातात. मंडपातल्या रोषणाईतही हे लक्षात असू द्या.

धबधब्याला फोन दगडावर ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, पाव ते एक सेकंदाचा वेग दिला की पाणी वाहतं दिसतं. पण शेवाळलेल्या खडकावर, प्रवाहाच्या तोंडाशी कोणी जाऊ नका, लांबून काढा. पावसाळ्यात पाणी अचानक वाढतं. रेल्वेच्या फलाटाच्या कडेला पॅनिंगचा सराव नको. रिंगणात कड्याच्या आत पाऊल टाकू नका आणि घोड्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. दौडतं जनावर बुजलं तर वारकऱ्यांच्या अंगावर येईल. वारकऱ्यांच्या मागे थोडं उंचावर जागा मिळाली तर त्यांच्या टोप्या आणि पताकाही फोटोत येतात, आणि मला तरी तो फोटो नुसत्या घोड्यापेक्षा जवळचा वाटतो. अनोळखी माणसाला काम करताना टिपायचं असेल तर आधी विचारा. विचारल्यावर तो दोन मिनिटं अवघडेल, मग परत कामाला लागेल. तेव्हा काढा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

‘व्हिडिओच काढला तर?’ असं बरेच जण विचारतात. व्हिडिओ जरूर काढा. त्यातून एखादं चित्र उचलून छापताही येतं. फोर-के व्हिडिओतलं एक चित्र साधारण आठ मेगापिक्सेलचं असतं. पण तीन मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा कोणी उघडत नाही, आणि भिंतीवर लागतो तो फोटो. शिवाय फोटो काढताना क्षण कोणता हे तुम्ही ठरवता. त्यासाठी समोरच्या माणसाकडे जितकं लक्ष द्यावं लागतं तितकं आपण एरवी क्वचितच देतो.

काढलेले फोटो त्याच दिवशी पुसू नका. फोनच्या पडद्यावर घाईत अंधूक वाटणारा फोटो आठ दिवसांनी मोठ्या पडद्यावर बघितला की कधी कधी तोच ठेवावासा वाटतो. मग मात्र कडक व्हा, एका प्रसंगाचे दोन-तीनच ठेवा. सुरुवात घरातल्या वयस्कर माणसांपासून करा, कारण पोरांच्या हालचाली पुढेही मिळतील. निवडलेले फोटो स्टुडिओत देऊन छापून घ्या, चार बाय सहाच्या कागदावर. मागे मऊ पेन्सिलनं, जोर न देता लिहा: कोण आहे, काय करतंय, गाव आणि साल. बॉलपेननं लिहिलं तर अक्षरं पुढच्या बाजूनं उठून दिसतात.